परताव्याची चौथी मागणी

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

आज परताव्याची तिसरी मागणी आली. पहिल्या दोन मी पत्रव्यवहाराच्या फाईलला लावून विसरून गेलो होतो. तिसरी मात्र योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, म्हणून ही वही काढली. सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये अठ्ठावीस वर्षे असताना माझी शिस्तच होती की एकाच प्रकारची तक्रार तीन वेळा आली म्हणजे तिच्यासाठी स्वतंत्र वही उघडायची.

गिरणी बंद पडून तीन वर्षे झाली. मुलगी शिवानी पुण्याला नोकरी करते. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तिने आपला जुना संगणक इथे आणून बसवला आणि वापरलेल्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर माझे खाते उघडून दिले. अंबाजोगाईत सध्या घरोघर नवे सामान येत आहे. डॉक्टर आणि प्राध्यापक मंडळींनी सीडी वाजवणारी यंत्रे घेतली आणि त्यांचे टेपरेकॉर्डर माळ्यावर गेले. मी ते विकत घेतो, बसस्थानकाजवळच्या सिदू मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतो, स्वतः तपासतो आणि संकेतस्थळावर विकतो. आजवर एकवीस नग गेले.

प्रत्येक नगासोबत मी अकरा कलमांचे तपासणी-पत्र जोडतो. त्याचे सातवे कलम असे: ‘ध्वनी स्वच्छ. घरघर, खरखर, शिट्टी नाही. अर्धा तास ऐकून खात्री केली आहे.’ खाली माझी सही आणि तारीख. दुसरा कोणताही विक्रेता असे करत नाही.

आणि तरीही सांगलीचा, अकोल्याचा व आता धुळ्याचा, तिघेही ग्राहक एकच लिहितात: यंत्रातून बारीक शिट्टी ऐकू येते. धुळेकर लिहितो की कानात सुई गेल्यासारखे वाटते. तिघांनाही मी सातव्या कलमाची आठवण करून देऊन नकार कळवला. वस्तू चार आठवडे वापरायची आणि नंतर दोष काढून पैसे परत मागायचे, ही नवी पद्धत रूढ होत असावी, असे मला वाटते. दुकानदार समोर नसला म्हणजे माणसाची भीड चेपते.

१५ नोव्हेंबर, बुधवार

सिदूकडे गेलो होतो. दोन कॅसेटचा एक मोठा टेपरेकॉर्डर त्याच्याकडे दिला आहे. तो चालू करून सिदू म्हणाला, “अप्पा, ह्यो शिट्टी मारतोय. आतला एक पार्ट गेलाय. बदलावा लागंल.”

मी स्पीकरला कान लावून पाच मिनिटे उभा राहिलो. शिट्टी नव्हती.

“कुठं आहे?”

“ही काय. लई बारीक हाय, पन हाय.”

मी त्याला सांगितले की सूत कातणाऱ्या साच्यांच्या आवाजात अठ्ठावीस वर्षे काढलेल्या माणसाला आवाजातला दोष कळत नाही, हे निदान मला तरी कुणी सांगू नये. माझ्या खोलीत आणि सुताच्या साच्यांत फक्त एक प्लायवूडची भिंत होती. कोणता साचा बंद पडला हे मी मान वर न करता सांगत असे.

“तुमी म्हनताव तर न्हाई शिट्टी,” सिदू म्हणाला. “माल तुमचा.”

पार्ट बदलला म्हणजे त्याची मजुरी वाढते, एवढे मला समजते. पुढचे काम दुसऱ्याकडे द्यावे असा विचार आहे. एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. तो खोटे बोलताना पकडला गेल्यासारखा दिसत नव्हता. माझ्याकडे असा बघत होता, जणू नुकसान माझेच काही झाले आहे. मला ती नजर आवडली नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

गंगासागर शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. जाताना सांगून गेली की कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलो. एकही शिट्टी झाली नाही. वास आला तेव्हा उठलो. डाळ जळून तळाला चिकटली होती.

कुकरची शिट्टी काढून खिशात घातली आणि थेट भांड्यांच्या दुकानात गेलो. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली वस्तू, पावती माझ्याजवळ. दुकानदाराने विचारले, “वाजलीच न्हाई का अप्पा?” मी म्हणालो, वाजली असती तर मी इथे आलो नसतो. त्याने एक शब्दही न बोलता नवी काढून दिली. ग्राहकाशी कसे वागावे याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि ते मी मनापासून नोंदवतो.

नवी शिट्टी बसवल्यापासून डाळ जळलेली नाही. अर्थात आता गॅसकडे गंगासागर स्वतःच बघते.

तिला अलीकडे आणखी एक सवय लागली आहे. माझ्याशी बोलण्याआधी ती माझ्या दंडाला हात लावते. पाहुण्यांसमोर, या वयात, हे जरा चमत्कारिक दिसते. पण मी काही बोललो नाही.

टेलिफोन कचेरीत दुसऱ्यांदा तक्रार नोंदवली. शिवानीचा आवाज अगदी खोलातून येतो. लाईनमन येऊन लाईन चांगली असल्याचे सांगून गेला. शिवानी हल्ली आईशीच बोलते.

९ डिसेंबर, शनिवार

दोन कॅसेटचा टेपरेकॉर्डर विकला गेला. पार्ट न बदलता. ग्राहक आपल्याच जिल्ह्यातले निघाले: कडा, तालुका आष्टी. श्रीमती विमलबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांचा भाचा साखर कारखान्याच्या कचेरीत आहे, त्याने त्यांच्या वतीने संगणकावरून बोली लावली. एस.टी.च्या पार्सलने नग पाठवला. तपासणी-पत्र जोडले.

३ जानेवारी २००७, बुधवार

परताव्याची चौथी मागणी. या वेळी संगणकावर नव्हे, टपालाने. रेघी कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले पत्र आहे, विमलबाईंचे.

मजकूर थोडक्यात असा. त्यांची पुतणी वनमाला जन्मापासून अंध आहे. ती घरी राहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसली आहे. परीक्षा २ एप्रिलला सुरू होते. तिच्यासाठी पुस्तके वाचून कॅसेटवर भरून ठेवण्याचे काम विमलबाई करतात, आणि त्यासाठीच त्यांनी माझ्याकडून यंत्र घेतले. तीन आठवडे रोज वाचून त्यांनी चौदा कॅसेट भरल्या. प्रत्येक कॅसेटमध्ये शब्दांच्या मागे एक शिट्टी भरली गेली आहे. विमलबाईंना ती आधी जाणवली होती, पण यंत्र जुने म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही. वनमालाने ऐकायला घेतल्यावर दहा मिनिटांत तिचे डोके दुखायला लागते. यंत्र परत घ्यावे आणि पैसे द्यावेत, म्हणजे दुसरे घेता येईल. ‘आमच्याजवळ वेळ थोडा आहे’ हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिले आहे.

उत्तराचा मसुदा तयार केला. परताव्याची मुदत सात दिवसांची आहे, ती उलटून गेली. शिवाय सातवे कलम आहे. त्या मुलीबद्दल मला सहानुभूती वाटते. परंतु सहानुभूती आणि हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या जागी दुसरी देता येत नाही.

पत्र तीन वेळा वाचले. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. इतके काळजीपूर्वक लिहिणारी बाई खोटे लिहीत असेल, हे मनाला पटत नाही. उत्तर टपालात टाकले.

१७ जानेवारी, बुधवार

विमलबाईंचे दुसरे पत्र. चार ओळी. ‘आपण चुकीचे आहात असे मी म्हणत नाही. आपण एकदा स्वतः येऊन ऐकावे, एवढीच विनंती आहे.’ पाकिटात कागदाच्या पुडीत तीळगूळ होता. वाद चालू असताना तीळगूळ पाठवणारा ग्राहक मी पाहिलेला नाही.

माझी तरी दुसरी पद्धत काय होती? गिरणीत पुरवठादाराला माल परत केला आणि त्याने वाद घातला, की मी त्याला पत्र लिहीत नसे. त्याला शेडमध्ये नेऊन माल त्याच्या हातात देत असे. मग आज मी जायला हवे. शुक्रवारी जाण्याचे ठरवले.

गंगासागरला सांगितले. ती भाजी निवडत होती. दंडाला हात लावून म्हणाली, “जाऊ नका. पैसे देऊन टाका.”

कारण विचारले, तर तिने भाजीच्या देठांकडे बघत नुसती मान हलवली. जी बाई कोथिंबिरीची जुडी दोनदा फिरवून बघितल्याशिवाय घेत नाही, तिने विनाकारण परतावा देण्याचा सल्ला द्यावा, याचा मला अर्थ लागला नाही. तपासणीसाठी नेहमीची कॅसेट पिशवीत घालून ठेवली.

२० जानेवारी, शनिवार

काल कड्याला जाऊन आलो. काल लिहू शकलो नाही. आज क्रमाने लिहितो.

पहाटेच्या गाडीने बीड आणि तिथून नगरच्या गाडीने कड्याला पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. विमलबाईंचे घर दोन खोल्यांचे आहे. त्या साठीच्या आसपासच्या. गळ्याला मफलर गुंडाळलेला होता आणि त्या माझ्या अगदी जवळ येऊन बोलत होत्या. रोजच्या वाचनाने त्यांचा आवाज बसला आहे. वनमाला चोविसाची असेल. खाटेवर बसून ती कॅसेट ओळीने लावत होती. प्रत्येक कॅसेटच्या कडेला ब्लेडने खाचा केल्या आहेत, एकीला एक, दुसरीला दोन. अंगठा फिरवून ती क्रमांक ओळखते. इतकी व्यवस्थित मांडणी मी गिरणीतसुद्धा थोड्यांकडेच पाहिली.

चहा झाला. मी माझी कॅसेट काढली, यंत्रात घातली आणि आवाज मोठा केला. तबला, पेटी, गाणे, सगळे स्वच्छ. मी मान वर करून सर्वांकडे पाहिले. मला समाधान वाटत होते, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे.

विमलबाईंनी एका कानावर हात ठेवला होता. शेजारच्या चतुराबाई मला बघायला म्हणून उंबऱ्याशी येऊन बसल्या होत्या. त्यांनी पदर कानाशी धरला आणि उठल्या. “कावून लावताव हे मानसाच्या डोस्क्याला,” असे काहीतरी म्हणत बाहेर गेल्या. नेमके शब्द मला विमलबाईंनी नंतर सांगितले.

मी विचारले, यात दोष कुठे आहे ते कुणीतरी मला दाखवा. मी हे फार मोठ्याने विचारले, असेही मला नंतर कळले.

वनमाला हसली नाही आणि चिडलीही नाही. तिने मला खाटेजवळ स्टूल ओढून बसायला सांगितले. यंत्रातून कॅसेट काढून ठेवली. म्हणाली की कॅसेट नसली तरी यंत्र चालू केले की शिट्टी येतेच. मग बटणावर हात ठेवून त्यावर टॉवेल टाकला.

“काका, तुम्ही नुसतं हो की नाही सांगा. आता येतीय का?”

“नाही.”

“आता?”

“नाही.”

असे तिने दहा वेळा विचारले. दहाही वेळा मी नाही म्हणालो. सातव्या-आठव्या वेळेपर्यंत मला वाटत होते की ती आपल्या तक्रारीतली हवा स्वतःच काढून घेत आहे.

मग तिने टॉवेल बाजूला केला. “दहातल्या सहा वेळा मशीन चालू होतं,” ती म्हणाली.

मी विमलबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. खोलीत कुणी बोलले नाही. बोलले असेल तर मला माहीत नाही.

तिने विचारले, मी नोकरी कुठे करत होतो. मी सूतगिरणी म्हणालो. साच्यांपासून किती लांब? मी प्लायवूडच्या भिंतीबद्दल सांगितले. सांगतानाच मला कळत गेले की मी काय सांगत आहे.

“म्हणजे तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं,” वनमाला म्हणाली. “काका, मला दिसत नाही हे मला लहानपणीच सगळ्यांनी सांगून टाकलं. तुम्हाला कुणी सांगितलंच न्हाई.”

मी परतावा तिथल्या तिथे दिला. विमलबाईंनी पैसे कपाळाला लावून डब्यात ठेवले आणि बसलेल्या आवाजात म्हणाल्या, “पैसे आले. पण वाचलेलं कुठून आणू? डॉक्टरांनी महिनाभर बोलू नका म्हणून सांगितलंय.” त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. चौदा कॅसेट खाटेवर तशाच ओळीने लावलेल्या होत्या.

माझ्या अकरा कलमांत या नुकसानीसाठी एकही कलम नाही.

यंत्र मांडीवर घेऊन परत आलो. गाडीत शेजारचा माणूस माझ्याशी बराच वेळ काहीतरी बोलत होता. मी नेहमीप्रमाणे मान डोलावत होतो. नेहमीप्रमाणे, हा शब्द मी आज विचार करून लिहिला आहे.

२१ जानेवारी, रविवार

सकाळी गंगासागरला समोर बसवून विचारले, तुला हे केव्हापासून ठाऊक आहे?

“गिरणी बंद व्हायच्या आधीपासून.”

सांगितले का नाही?

“सांगितलं की. टेलिफोनचं झालं तवा सांगितलं, तुमी म्हनलाव लाईन खराब हाय. कुकरचं झालं तवा सांगितलं, तुमी म्हनलाव शिट्टी खराब हाय. शिवानी म्हनली डाक्टरकडं चला, तर तुमी म्हनलाव पोरगी पुटपुटाया लागली पुन्याला जाऊन. मंग म्या सोडून दिलं. हात लावून बोलाया लागले.”

मला यांतले एकही सांगणे आठवत नाही. ऐकूच आले नसेल, किंवा आले असेल आणि मी परत केले असेल. दुसरी शक्यता अधिक आहे.

२४ जानेवारी, बुधवार

झालेल्या कामांची नोंद.

कुकरची नवी शिट्टी दुकानदाराला परत करायला गेलो. त्याने फळीवरून माझी जुनी शिट्टी काढून समोर ठेवली. पुडीत बांधून, वर नाव लिहून ठेवली होती. त्या दिवशीच ठेवली होती म्हणाला. त्यालाही ठाऊक होते. मला वाटते, मोंढ्यापर्यंत सर्वांना ठाऊक असावे.

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात कान तपासून घेतले. कानाला यंत्र लावून एकेक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बोट वर करायचे असते. डॉक्टरीणबाईंनी आलेख समोर धरला. आलेख वाचायला मला कुणी शिकवण्याची गरज नाही. जाड आवाजांची रेघ सरळ चालते आणि बारीक आवाज सुरू झाले की पायऱ्या उतराव्यात तशी खाली जाते, दोन्ही कानांची. हे परत येत नाही, असे त्या म्हणाल्या. श्रवणयंत्र घ्यावे लागेल. वापरलेले मिळते का, असे मी विचारले. त्या हसल्या. मी गांभीर्याने विचारले होते.

सिदूकडे गेलो. काय बोलायचे ते वाटेत तीन वाक्यांत तयार केले होते, पण त्याने पहिलेच वाक्य पुरे होऊ दिले नाही. मी बगलेत आणलेल्या यंत्राकडे बघून म्हणाला, “मंग आता तरी पार्ट बदलू का अप्पा?”

एकवीसच्या एकवीस जुन्या ग्राहकांना पत्रे लिहिली. ‘आपल्या नगासोबतच्या तपासणी-पत्रातील सातवे कलम रद्द समजावे. तपासणाऱ्यास उंच आवाज ऐकू येत नाहीत, ही बाब त्या वेळी तपासणाऱ्यासही ठाऊक नव्हती. शिट्टी असल्यास नग परत पाठवावा. मुदतीची अट नाही.’ सांगली, अकोला आणि धुळे यांना क्षमायाचनेचा वेगळा परिच्छेद. हाच मजकूर संकेतस्थळावर माझ्या नावाखालीही लावला. शिवानी म्हणते की यानंतर कोणी माझ्याकडून काही घेणार नाही. शक्य आहे.

विमलबाईंना मात्र पत्र लिहिता आलेले नाही. त्यांना पैसे पोहोचले आहेत. लिहायचे काय?

२७ जानेवारी, शनिवार

वनमालाच्या विषयांची यादी पाहिली. विमलबाईंच्या पहिल्या पत्रातच होती. तेव्हा मी ती वाचली नव्हती, म्हणजे वाचली होती पण माझ्या कामाची वाटली नव्हती. इतिहास, आणि अर्थशास्त्राचे तीन पेपर. मी औरंगाबादला वाणिज्य शाखेत होतो तेव्हा अर्थशास्त्रात पहिल्या वर्गाचे गुण होते.

कड्याला कळवले की पुस्तके पाठवावीत. यंत्र दुरुस्त झाले आहे. सिदूने ऐकले, गंगासागरने ऐकले, शिट्टी नाही. मी इथे वाचून कॅसेट भरेन आणि एस.टी.ने पाठवेन. चारही पेपर.

६ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनाची पद्धत आता बसली आहे. मी टेबलाशी, यंत्र समोर, आणि त्यापलीकडे खुर्चीवर गंगासागर. यंत्रात किंवा बाहेर काही नको तो आवाज आला की तिने हात वर करायचा आणि मी थांबायचे. पहिल्या दिवशी तिने चाळीस मिनिटांत एकोणीस वेळा हात वर केला. पंखा. सायकलची घंटी. खिडकीतली चिमणी. बोहारीण. पुस्तकाचे पान उलटण्याचा आवाज. मला वाटत होते की आमचे घर शांत आहे.

आजवर कोणत्याही नगाची तपासणी मी तिच्यावर सोपवली नव्हती. ती उत्तम तपासते. मजकुरात तिला रस नाही, त्यामुळे तिचे लक्ष विचलित होत नाही. निदान काल सकाळपर्यंत मी असे समजत होतो. काल जेवताना तिने विचारले की मागणी वाढली की भाव वाढतात, मग घरच्या बाईचे काम सगळ्यांना लागते तर त्याचा भाव कावून वाढत नाही. उत्तर पुस्तकात सापडले नाही.

आज पहिल्या दोन कॅसेट परत आल्या. सोबत विमलबाईंच्या हातची, वनमालाने सांगितलेली चिठ्ठी: ‘काका, शिट्टी नाही. पण तुम्ही फार मोठ्याने वाचता. परीक्षा मला द्यायचीय, साऱ्या कड्याला न्हाई.’

परतावा मान्य. दोन्ही पुन्हा वाचल्या. आवाज किती ठेवायचा तेही आता गंगासागर तळहात वर-खाली करून दाखवते.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

महाशिवरात्र. उपवास, घसा कोरडा. तरी दोन प्रकरणे झाली.

२४ फेब्रुवारी, शनिवार

अठरावी आणि शेवटची कॅसेट पाठवली. परीक्षेला पाच आठवडे आहेत.

जुन्या ग्राहकांपैकी सात जणांनी नग परत पाठवले. बाकी शिट्टी नाही म्हणतात. धुळेकराने लिहिले की आता सवय झाली आहे, असू दे, आणि तुमचे पत्र मी दुकानात फ्रेम करून लावले आहे. हे त्याने कोणत्या अर्थाने केले, ते कळत नाही.

५ मार्च, सोमवार

दुपारी कड्याचे पार्सल आले. उघडण्याआधीच हातात घेतल्यावर कळले की आत एकच कॅसेट आहे. क्रमांक नऊ, कडेला नऊ खाचा. मनात आले की आता परत वाचायला लागणार, आणि पुस्तके तर मी परत पाठवून दिली आहेत.

चिठ्ठी वाचली. विमलबाईंचे अक्षर: ‘वनमालाने सर्व अठरा एकदा ऐकल्या. आता दुसऱ्यांदा ऐकते आहे. नववीची दुसरी बाजू आम्ही दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली आहे. तिच्या शेवटी अभ्यासक्रमात नसलेले थोडे आहे, ते आमचे नाही म्हणून परत पाठवतो. ही तक्रार नाही. आपण एकट्याने, कानाला हेडफोन लावून आणि आवाज पूर्ण वाढवून ऐकावे, असे वनमाला म्हणते.’

गंगासागर आत होती. मी पुढच्या खोलीत बसलो, हेडफोन लावला, आवाज शेवटपर्यंत फिरवला.

राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण. माझा आवाज. प्रकरण संपते. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मला आठवले: सतरा फेब्रुवारीचा शनिवार, गॅसचे सिलिंडर आले म्हणून गंगासागरने मला दाराकडे बोट दाखवले होते आणि मी यंत्र बंद न करता उठलो होतो. सिलिंडर ठेवून घेतल्यावर दारातच उभा राहून मी पावती तपासत होतो. पाठ खोलीकडे होती.

मग तिचा आवाज आला. लांबून, पण स्पष्ट.

“अवं, उद्या भरीत करू का? वांगी लई चांगली भेटलीत.”

थोडा वेळ काही नाही. कागदाची सळसळ, बहुधा माझ्या हातातल्या पावतीची.

“भरीत करू का म्हनलं.”

पुन्हा काही नाही.

“आता उठून कोन जातंय तिथवर हात लावाया,” ती म्हणाली. रागाने नाही. घरात एकटे असताना माणूस स्वतःशी बोलतो तसे. मग बराच वेळ गेला, आणि आणखी हळू: “ऱ्हाऊ द्या. आमटीच करते.”

त्यानंतर माझी पावले परत येतात आणि कॅसेट संपते.

त्या रविवारी आमटी होती. मी ती काही न बोलता जेवलो होतो.

कॅसेट तीन वेळा ऐकली. ती मला कानकोंडे करत नव्हती आणि गाऱ्हाणेही सांगत नव्हती. तिला फक्त भाजीचे विचारायचे होते. अशा किती गोष्टी तिने विचारल्या असतील आणि माझ्या पाठीकडे बघून परत घेतल्या असतील, याची कुठेही नोंद नाही.

स्वयंपाकघरात गेलो. ती ताक घुसळत होती. मी तिच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “भरीत चालेल.”

“कसलं भरीत?”

“अठरा फेब्रुवारीचं.”

तिने रवी थांबवली. माझ्याकडे पाहिले, मग माझ्या गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनच्या वायरीकडे, मग पुढच्या खोलीतल्या यंत्राकडे. पदराने तोंड पुसले. बराच वेळ पुसत होती.

“घरात वांगी न्हाईत आता,” ती म्हणाली. हे मला नीट ऐकू आले.

पिशवी घेऊन मंडईत गेलो.